सामानाची पेटी

मकेनाने पानावर हात ठेवला. झालं ते एवढंच. नऊ वर्षांच्या पोरीचा हात तो केवढा असणार? नखांवरचा जांभळा रंग अर्धा उडालेला, अंगठ्याजवळ डिंक वाळून पांढरा झालेला, कारण सकाळीच सगळ्या वर्गाने काळ्या कागदाच्या उंच टोप्या चिकटवल्या होत्या. पण तो हात पानावरच्या एका ओळीवर असा पडला की त्या ओळीखाली सरकणारं माझं बोट अडलं. चौतीस वर्षं मी पोरांना वाचायला शिकवतेय. पोरांनी पुस्तकं फेकलीत, चावलीत, एकाने तर पुस्तकावर आणि माझ्यावर एकदमच ओकून ठेवलंय. हात कुणी ठेवला नव्हता. निदान या चौतीस वर्षांत तरी नाही.

फेब्रुवारीत वॉशिंग्टन आणि लिंकनच्या जयंत्या येतात, आणि त्या आठवड्यात आमच्या शाळेत राष्ट्राध्यक्षांचं पीक येतं. एका भिंतीवर कापसाचे केस लावलेले वॉशिंग्टन, दुसऱ्या भिंतीवर काळ्या कागदाची दाढी चिकटवलेले लिंकन, आणि खाली ओल्या बुटांची रांग, कारण टोलेडोत फेब्रुवारीत बर्फ पडतो कमी आणि चिखल होतो जास्त. या आठवड्यात तिसरीच्या मुलांनी बालवर्गातल्या मुलांना लिंकनचं पुस्तक वाचून दाखवायचं, अशी आमची वर्षानुवर्षांची पद्धत आहे. ग्रंथालयाच्या गालिच्यावर जोड्या बसतात, एक मोठं, एक धाकटं. मी या शाळेतली वाचनाची बाई. मुलं मला मिसेस जी म्हणतात, कारण ग्रॅबोव्हस्की म्हणता म्हणता त्यांचा तास संपतो. नवरा कधीच गेला, आडनाव तेवढं ठेवून गेला. माझी खोली म्हणजे पूर्वी झाडूवाल्याची बादल्या ठेवायची जागा. हवा दमट झाली की अजून फिनेलचा वास येतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना तिथे माझ्याकडे पाठवतात, आणि वर्षातून दोनदा मी कागदावर लिहून देते की यांना येतंय किंवा येत नाही. मकेनाचा कागद त्या बुधवारी माझ्या मांडीवर होता. सप्टेंबरात पोरगी बरी वाचत होती. नोव्हेंबरपासून जी घसरली ती घसरलीच. गुरुवारी तीन वाजता तिच्याबद्दल बैठक होती: तिला नदीपलीकडच्या शाळेतल्या खास वाचनवर्गात पाठवायचं की इथेच ठेवायचं. पाठवलं तर सोमवारपासून तिची बस वेगळी, शाळा वेगळी. आणि तिची बहीण पायपर आमच्या बालवर्गात. रोज सकाळी दोघी हात धरून येतात. मकेना दारात गुडघ्यावर बसून पायपरच्या कोटाची चेन उघडते, दुपारी तशीच बसून लावते. हे सगळं मला दिसत होतं. पण बैठकीत चेन कोण लावतं ते विचारत नाहीत, कागद विचारतात.

जोड्या लावल्या होत्या तिसरीच्या बाईने, ब्रिआनाने. पोरगी सव्वीस वर्षांची, उत्साही, माझी चेष्टा करायची एक संधी सोडत नाही. "बहिणी बहिणी बसू देत की, हेलन," ती म्हणाली. "आणि तुझं ते म्हातारं पुस्तक या वर्षी तरी निवृत्त कर. त्यातलं गाढवसुद्धा तुझ्यापेक्षा मोठं असेल." "माझ्यापेक्षा मोठं या शाळेत काही नाही," मी म्हटलं, "आणि ते गाढव नाही, घोडा आहे. चित्र नीट बघायला शीक आधी." पुस्तक मात्र खरंच जुनं आहे. मी लहान होते तेव्हापासून निघतंय, पुठ्ठा तेवढा बदलतो. दरवर्षी नवी, चकचकीत पुस्तकं येतात, दरवर्षी मी हटून बसते की लिंकनचं हेच. का, असं कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की यातली वाक्यं छोटी आहेत.

वाचायच्या आधी पोरांनी चित्रांची फेरी मारायची, हे मी सगळ्या शाळेला शिकवून ठेवलंय. म्हणजे शब्दांकडे अजिबात बघायचं नाही. नुसती चित्रं बघत पानं उलटायची, काय चाललंय त्याचा अंदाज करायचा, आणि मग परत पहिल्या पानावर येऊन तो अंदाज शब्दांशी ताडून बघायचा. मी दोघींच्या मागे छोट्या खुर्चीवर बसले होते, गुडघे हनुवटीला लावून. "हे लाकडाचं घर," मकेना सांगत होती. "हा एब, लहानपणीचा लिंकन. ही त्याची मॉम." मॉमचा चेहरा दिसत नाही. या पुस्तकाच्या चित्रकाराला बायकांचे चेहरे जमत नसावेत. सगळ्या बायका मोठमोठ्या टोप्या घालून पाठमोऱ्या उभ्या. पान उलटलं. झाडांची पानं लाल झालेली, बाप फळीवर रंधा मारतोय, पोरगा सुरीने लाकडाच्या खुंट्या तासतोय, मधे एक लांबट पेटी. "हे काय करतायत?" पायपरने विचारलं. "पेटी करतायत. मॉम गावाला चाललीय ना, तिच्या सामानाला." "एवढं सामान?" "मोठ्या बायकांचं असतं तेवढं." पुढच्या पानावर बर्फ आणि एकटं घर. त्याच्या पुढच्या पानावर घोडागाडी, तिच्यावर गाद्या, खुर्च्या, पुस्तकं, आणि वर टोपीवाली बाई. "आली!" पायपर ओरडली. "आली ना? मी म्हटलं नव्हतं?" "आणि ही तीन मुलं कोण?" मकेना जराशी थांबली. त्या तीन मुलांपाशी कुणालाही थांबावंच लागतं. "वाटेत भेटली," ती म्हणाली. "त्यांना मॉम नव्हती, म्हणून हिने घेतली." पायपरने बाहीला नाक पुसलं आणि तिचं समाधान झालं.

माझी पेन्सिल थांबली होती. ती तीन मुलं मी आधी ऐकली होती. "वाटेत भेटली," असंच तातुश म्हणायचा, माझा बाप, लग्रांज स्ट्रीटवरच्या आमच्या स्वयंपाकघरात, कोबीच्या वासात, त्याचं जाड बोट त्याच घोडागाडीवर ठेवून. "मोठ्या मनाची बाई आहे, हेल्का. तुझ्या आईसारखी." त्यात नवल नाही, मी स्वतःला समजावलं, ज्याला वाचता येत नाही त्याने या चित्रांवरून दुसरं काय सांगायचं? त्यालाही यायचं नाही, हिलाही येत नाही. आणि मग मी ते केलं जे मी चौतीस वर्षं करत आलेय. बाकी काही सुचलं नाही की हात आपोआप ओळखीच्या कामाला लागतात. मी पुढे वाकले, पेटीच्या पानावर परत गेले आणि म्हटलं, "छान सांगितलंस. आता शब्द काय म्हणतात ते बघू हं." ओळ साधी आहे. त्या शरदात एबची आई वारली. पेटी तिच्यासाठीच, आणि गाडीवरून आली ती सावत्र आई, आपली तीन मुलं घेऊन. मकेनाने ओळ पाहिली. "त्या शरदात एबची आई गावाला गेली." "पुन्हा बघ. सावकाश." "गावाला निघाली." "शब्दाकडे बघ, राणी, चित्राकडे नको." "निघाली," ती म्हणाली, आता आवाज चढवून, आणि पायपर कधी तिच्याकडे तर कधी माझ्याकडे बघत होती. आमचा नियम असा की तीनदा चुकलं की शब्द आपण सांगून टाकायचा, मुलाला ताटकळत ठेवायचं नाही. मी सांगायला तोंड उघडलं. तेव्हा तो हात पडला. मकेना पानाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात ब्रिआनाने टाळ्या वाजवल्या, गालिच्यावरची सगळी पोरं उठली, काळ्या टोप्या इकडेतिकडे पडल्या आणि मी कागदावर लिहून टाकलं: शब्दाकडे बघत नाही. चित्रावरून अंदाज करते.

त्या दुपारी मी माझ्या खोलीत बसून राहिले. बैठकीचा अहवाल लिहायचा होता आणि मी कागदावर चौकोन काढत होते. मला तो दुसरा हात दिसत होता. तातुश काचेच्या कारखान्यात भट्टीवर होता. त्याच्या हातांवर केस नव्हते, कातडी ताणल्यासारखी गुळगुळीत होती, आणि लहान असताना मला वाटायचं की सगळ्या बापांचे हात असेच असतात. मी पाच वर्षांची असताना आईला हॉस्पिटलात नेलं. नंतर तीन दिवस मी स्टेला आत्याकडे होते, तिने मला तिची सगळी बटणं खेळायला दिली, एवढी बटणं देते म्हणजे काहीतरी झालंय हे मला कळायला हवं होतं. घरी आले तेव्हा आईचा कोट खुंटीवर नव्हता. "आई पेनसिल्व्हेनियाला गेलीय, तिच्या बहिणीकडे," आत्या म्हणाली. तातुश काही म्हणाला नाही. पुढच्या आठवड्यात तो चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून हे पुस्तक घेऊन आला, आणि जेवणं झाली की टेबलाचं मेणकापड पुसून आम्ही ते उघडायला लागलो. त्याच्या गोष्टीत लिंकनची आई गावाला जायची आणि गाडी भरून परत यायची. मी रोज विचारायची की ती किती दिवसांनी आली, आणि तो रोज पान उलटून दाखवायचा: "हे बघ, एवढाच बर्फ. एक पान." मी त्या एका पानाच्या भरवशावर दोन हिवाळे काढले. खिडकीत बसून रस्त्याकडे बघायची. आमच्या रस्त्यावर घोडागाड्या येत नव्हत्या, त्यामुळे ती ट्रकने येईल असं माझं ठरलेलं होतं.

मग पहिलीत, चर्चच्या शाळेत, सिस्टर बोनाव्हेंतुरा ही नन शिकवायला आली. ती अक्षरं अशी शिकवायची की विसरायची टापच नव्हती. एका शनिवारी दुपारी तातुश बटाटे सोलत होता, मी पुस्तक घेऊन टेबलाशी बसले होते, आणि पेटीच्या पानावरची ओळ एकाएकी, माझं मी काही न करता, वाचली गेली. वाचायला येणं असं असतं. त्याआधीच्या क्षणी ते काळे किडे असतात आणि पुढच्या क्षणी तुम्ही ठरवलंत तरी ते परत किडे होत नाहीत. मी म्हटलं, "तातुश, इथे वारली लिहिलंय." तो आला, हात पुसले नाहीत, तसाच ओला हात त्या ओळीवर ठेवला. किती वेळ ठेवला ते मला माहीत नाही. माझ्या त्या प्रतीत पान अजून तिथे फुगलेलं आहे. "तू तर म्हणायचास गावाला गेली," मी म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, "मला कुठे वाचता येतं, हेल्का. चित्रं बघून सांगायचो मी." मी त्याच्याकडे बघितलं. मग विचारलं, "आणि आई?" "आईपण," तो म्हणाला, आणि जाऊन नळ सोडला, आणि बटाटे धुतलेले होते तरी परत धुतले.

मला त्याचा राग आला नाही. कसा येणार? आत्याने फसवलं, तिच्याशी मी वर्षभर बोलले नाही. पण तातुश बिचारा, त्याला वाचताच येत नव्हतं. त्याने तर चित्रात दिसलं ते सांगितलं. मला त्याची इतकी दया आली, इतकी माया आली, की आईचं दुःख त्या मायेत कुठेतरी मुरून गेलं. मी त्याला सांभाळायचं ठरवलं. सात वर्षांची मी. शाळेतून आलेली चिठ्ठी मी वाचायची, औषधाच्या बाटलीवरचं मी वाचायची, आणि रोज जेवल्यावर टेबलाशी बसून त्याला पेपर मी वाचून दाखवायची, लग्न होऊन घर सोडेपर्यंत. तो ऐकायचा. दुकानात गेलो की डबा माझ्यापुढे धरायचा आणि म्हणायचा, "बघ गं, काय म्हणतोय हा?" मला केवढं मिरवायला मिळायचं! शिक्षिका झाले ती त्याच्यामुळेच, आणि हे मी लपवून ठेवलं नाही. प्रत्येक मुलाखतीत सांगितलं, पालकांच्या प्रत्येक सभेत सांगितलं. मला उत्तम शिक्षिकेचं बक्षीस मिळालं तेव्हा तो पहिल्या रांगेत बसला होता, तपकिरी सूट घालून, आणि मी व्यासपीठावरून म्हटलं, "माझ्या वडिलांना वाचता येत नाही. त्यांच्यासाठी मी हे काम करते." चारशे माणसं उठून उभी राहिली. सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं. त्याने मान हलवली, अशी, दोनदा, आणि टाळ्या वाजवल्या. नंतर केक खाताना एक बाई त्याच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाली, "अजून उशीर झालेला नाही बरं का!" तो म्हणाला, "आमच्या हेल्काला वेळ मिळाला की."

तो गेला त्यालाही आता वीस वर्षं झाली. त्याच्या शेवटच्या दर्शनाला कारखान्यातला लेस्टर नावाचा म्हातारा आला होता, नाकात नळी, हातात चाकांवरची ऑक्सिजनची टाकी. माझा हात धरून म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत तुझ्या बापाने पेपर वाचून दाखवला नाही असा दिवस नाही. मृत्यूच्या बातम्यासुद्धा असा वाचायचा की हसून पुरेवाट." मी हसले. त्याला थोपटलं. "दुसरं कुणीतरी असेल, लेस्टर," मी म्हटलं, "तातुशला वाचता येत नव्हतं." लेस्टर माझ्याकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "असेल बाई, असेल," आणि टाकी ओढत कॉफीच्या टेबलाकडे गेला. आठवडाभराने मी तातुशची हत्यारांची पेटी आवरली तेव्हा तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक चष्मा निघाला, जवळचं बघायचा, नाकाशी झिजून पिवळा पडलेला. बारीक स्क्रू बसवताना लागत असेल, असं म्हणून मी तो देऊन टाकला. कुणाला दिला तेही आता आठवत नाही.

गुरुवारी सकाळी मी मकेनाला खोलीत बोलावलं. तिने आधी दाराबाहेर डोकावून पाहिलं. "कोण आहे का?" "कुणी नाही. तू आणि मी आणि फिनेल," मी म्हटलं. ती हसली नाही. मी पेटीचं पान उघडून तिच्यापुढे सरकवलं आणि काही न बोलता बसले. तिने ओळीवर नजर टाकली आणि सरळ वाचलं. "त्या शरदात एबची आई वारली. एब नऊ वर्षांचा होता. त्याने पेटीसाठी लाकडाच्या खुंट्या तासून दिल्या." खुंट्यांपाशी एकदा अडखळली, मागे गेली, सुधारून पुढे आली, अगदी मी शिकवते तसं. मग तिने पुस्तक मिटलं. "मला येतं," ती म्हणाली. "पण काल पायपर होती ना." मी विचारलं नाही, तरी तिने सांगितलं. मॉम नोव्हेंबरात गेली. न्हाणीघरात सापडली. आजीने शाळेत सांगितलंय की ती बाहेरगावी आहे, कारण लोक तिच्या औषधाच्या गोळ्यांबद्दल विचारतात आणि आजीला ते आवडत नाही. आजी म्हणते पायपरला ईस्टरनंतर सांगू, आत्ता ती लहान आहे. "तुम्ही पुस्तकं घरी देता ना पिशवीतून, ती मी तिला वाचून दाखवते. मग त्यात कुणाची मॉम आजारी असली की मी बदलते. इथे तुमच्यासमोर आधी बदलून बघते, म्हणजे घरी पटकन जमतं." हे ती असं सांगत होती जसं कुणी डबा कसा भरतात ते सांगावं.

मी फाइल ओढली. नोव्हेंबरपासूनचे अकरा कागद. आम्ही मुलाने वाचलेल्या प्रत्येक बरोबर शब्दावर खूण करतो आणि चुकलेल्या शब्दावर त्याने काय म्हटलं ते लिहितो. त्या चुका बघून कळतं की मूल कुठे अडलंय. माझ्याच अक्षरात होतं सगळं. हॉस्पिटलच्या जागी हॉटेल. रडली होती तिथे झोपली. नव्हती तिथे होती. कुत्र्याच्या गोष्टीत एक चूक नाही, मासेमारीच्या गोष्टीत एक चूक नाही. आणि प्रत्येक चुकीपुढे समासात मी न कंटाळता लिहिलेलं: चित्रावरून, चित्रावरून. बाईंना उत्तम शिक्षिकेचं बक्षीस मिळालंय म्हणे! मला माझीच लाज वाटली. मी तिला विचारलं, "आणि पायपरला वाचता यायला लागलं की? पुढच्या वर्षी पहिलीत जाईल ती. तिने ती ओळ वाचली तर?" मकेनाने यावर विचार करून ठेवला होता. "तुम्ही तिला इतक्यात नका ना शिकवू," ती म्हणाली. "ते माझ्या हातात नाही गं. ते एक दिवस आपोआप येतं." "मग मी सांगेन की मला वाचता येत नव्हतं." "म्हणजे?" "म्हणजे मी खोटं नाही बोलले, मला येतच नव्हतं. मग ती माझ्यावर रागावणार नाही." तिने नखावरचा जांभळा रंग जरा खरवडला. "फक्त मग तिच्यासमोर कधी वाचायचं नाही. एवढंच लक्षात ठेवायचं."

खिडकीबाहेर कुणीतरी बर्फ वितळायला पायऱ्यांवर मीठ टाकत होतं. "कधीच?" मी विचारलं. "मोठी झाल्यावरही?" "हो," ती म्हणाली. "नाहीतर तिला कळेल ना." मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण शाळेत आम्ही असं उगाच घेत नाही, म्हणून मी तिला खोकल्याची गोळी दिली. ती देणंही नियमात बसत नाही. मग मी नवा कागद घेतला आणि म्हटलं, "मकेना, मी इथे लिहिणार आहे की तुला वाचता येतं. नाहीतर तुला नदीपलीकडे पाठवतील आणि पायपरच्या कोटाची चेन कोण लावणार? हा कागद तिला कुणी दाखवत नाही." तिने कागद स्वतःकडे ओढून बघितला. "लिहा," शेवटी म्हणाली, "पण बारीक अक्षरात."

बैठक दहा मिनिटांत संपली. मी सांगितलं, पोरीला वाचता येतं, चूक माझी होती, अकरा वेळा. ब्रिआनाला एकही थट्टा सुचली नाही. आजीशी बोलायला समुपदेशिका शुक्रवारी जाणार असं ठरलं. पायपरला कधी आणि कुणी सांगायचं ते त्या घराने ठरवावं, पण मकेनाच्या एकटीच्या डोक्यावर ते नको, एवढं मी टेबलावर बोट आपटून म्हटलं. साडेतीनला मी गाडीत येऊन बसले. काचेवर बर्फ साचला होता, तो झाडायला उतरायला हवं होतं. फाटकापाशी मकेना गुडघ्यावर बसून पायपरची चेन लावत होती, गळ्यापर्यंत, आणि पायपर ओरडत होती की हनुवटी चिमटली. मला रडू आलं. चारशे माणसं, आणि तपकिरी सूट, आणि ती दोनदा हललेली मान. त्याला येत होतं की नव्हतं? लेस्टरही आता नाही, स्टेला आत्या नाही, चष्मा मी देऊन टाकला. विचारायला या जगात कुणी उरलेलं नाही. कारखान्यात डब्याच्या वेळी वाचायचं, घरी येताना पेपर घडी घालून माझ्यासाठी आणायचा, आणि माझ्यापुढे ठेवून म्हणायचं, वाच बघू काय लिहिलंय. अशी तीस-पस्तीस वर्षं कुणी काढतं का?

तेव्हा मला ते टेबल आठवलं. मी एका बाजूला, पेपर माझ्यापुढे पसरलेला, तातुश समोर, कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून. त्याच्या बाजूने अक्षरं उलटी. मी नऊ-दहा वर्षांची, बाहेर खेळायला जायची घाई, भराभर वाचायची, आणि बोट सरकून कधीतरी खालच्या ओळीवर जायचं. तो पेपराकडे बघत असायचा. "हेल्का," तो हळूच म्हणायचा, "एक ओळ राहिली." मी परत जायची, आणि ती ओळ खरंच राहिलेली असायची.